बांध कोणाचा, पाणी कोणाचं

बांध घालणं ही दख्खनच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलेली गोष्ट नाही. ताल, बांध, सांडवा, घळीत आडवे दगड रचून गाळ अडवणं, हे सगळं कृषी खातं जन्माला येण्याच्या आधीपासून इथे होतं. तरीही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या सरकारी कागदांत एक तक्रार वारंवार भेटते. जमीन वाहून चालली आहे, उपाय ठाऊक आहे, पण शेतकरी तो करत नाही. का करत नाही? अज्ञान, आळस, जुन्याला चिकटून राहण्याची खोड, अशी कारणं लिहिणारा अधिकारी देऊन टाकतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो.

ही कारणं मला पटत नाहीत. शेतकऱ्याच्या मनात काय होतं हे कागदात क्वचितच उतरतं, कारण कागद लिहिणारे दुसरेच होते. पण त्याच्यासमोर कोणत्या अटी होत्या, हे मात्र कागदात ठळक उतरतं. खर्च कोणाच्या अंगावर पडणार होता, बांध कोणाच्या वावरातून जाणार होता, अडलेली माती आणि पाणी कोणाच्या पदरात पडणार होतं, हे कायद्यांच्या कलमांत, गावपाहण्यांत आणि सातबाऱ्याच्या रकान्यांत लिहिलेलं आहे. त्या अटी कालक्रमाने लावून पाहिल्या की ‘शेतकरी ऐकत नाही’ या वाक्याचा अर्थ बदलतो.

सुरुवात एका पत्रापासून करतो. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. सुभेदाराने गावोगाव फिरावं, कुळंब्यांना गोळा करावं, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत, दाणागोटा नाही, त्याला बैलांसाठी रोकड आणि पोटासाठी धान्य द्यावं, आणि वाढीदिढी न घेता नुसतं मुद्दल, तेही त्याला ताकद येईल तसतसं, उगवून घ्यावं, असा त्याचा आशय आहे. यात बांधबंदिस्तीचा विषय नाही. तरी मी हे पत्र आधी ठेवतो, कारण त्यात शेतकऱ्याविषयी एक समज गृहीत धरलेली आहे. त्याला इच्छा आहे, अंगात बळ आहे, अडतं ते साधनावाचून. शेती वाढत नसेल तर दोष आधी साधनात शोधायचा, स्वभावात नाही. त्या काळातल्या कागदांत इस्ताव्याची पद्धतही दिसते. पडीक जमीन नव्याने लागवडीखाली आणली तर पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल थोडा थोडा चढत काही वर्षांनी पूर्ण. जमीन सुधारायला वेळ लागतो आणि तो काळ शेतकऱ्याला निभवायचा असतो, हे या पद्धतीला कळलेलं होतं.

इंग्रजी अमलात हाच प्रश्न वेगळ्या भाषेत आला. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीनुसार नवी जमाबंदी लागू झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. शेतांना सर्व्हे नंबर मिळाले, हद्दी दगडांनी आणि मातीच्या उंचवट्यांनी आखल्या गेल्या, सारा तीस वर्षांसाठी ठरला. तीस वर्षं का, तर मुदतीत शेतकऱ्याने जमिनीत पैसा घातला तर त्याचं फळ त्यालाच मिळावं म्हणून. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने हे आणखी स्पष्ट केलं. फेरआकारणी करताना शेतकऱ्याने स्वतःच्या पैशातून केलेल्या सुधारणांवर सारा वाढवायचा नाही, जमिनीचं सर्वसाधारण मोल, पिकांचे भाव, दळणवळण यांवर वाढवायचा.

कलम म्हणून हे चांगलं आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूने वाचलं की त्याची मर्यादा दिसते. मुदत संपल्यावर फेरपाहणी झाली आणि सारा वाढला. तो ताल घातल्यामुळे वाढला की रेल्वे आल्यामुळे, हा भेद कचेरीतल्या वहीत राहिला. शेतकऱ्याच्या हातात आली ती चढलेली रक्कम. त्यातच कर्ज. मे १८७५ मध्ये सुप्याला दंगा झाला आणि पुणे-नगरच्या गावागावांत कर्जरोखे जाळले गेले, ही हकिगत शाळेतल्या पुस्तकातही आहे. तिचा मातीशी असलेला संबंध मात्र सहसा सांगितला जात नाही. जमीन सावकाराकडे गहाण पडलेली असेल आणि राबणारा तिथे फक्त कूळ म्हणून उरला असेल, तर तीन-चार उन्हाळे खपून घातलेल्या तालीचं फळ कोणाला? बांधाचा फायदा सावकाश येतो. जमीन आपल्याकडे किती वर्षं राहणार याची खात्री नसणाऱ्याने तो घालू नये, हे शहाणपणाचंच होतं. हा माझा तर्क आहे, पण तो ज्या परिस्थितीवर उभा आहे ती कागदोपत्री आहे.

१८८३ हे या कथेतलं विलक्षण वर्ष. या एका वर्षातले दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

पहिला, त्या सालचा जमीन सुधारणा कर्ज कायदा, म्हणजे तगाईचा कायदा. ‘सुधारणा’ कशाला म्हणायचं याची यादी त्यात आहे. विहिरी, तळी, पाण्याचा निचरा यांच्याबरोबर पाण्याने होणारी धूप आणि नुकसान यांपासून शेतजमिनीचं रक्षण करण्याचं कामही त्यात नावानिशी येतं. म्हणजे धूप थांबवायला सरकारी कर्ज मिळण्याची कायदेशीर वाट सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी उघडली होती. फक्त त्याच कायद्यात वसुलीचंही कलम होतं आणि थकलेली तगाई जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येत असे. सावकार निदान थांबायचा, जादा व्याजावर का होईना. सरकारची थकबाकी म्हणजे जप्ती. विहिरीसाठी हा धोका पत्करणारे निघाले, कारण विहिरीचं पाणी दुसऱ्याच वर्षी भाजीपाल्याच्या पैशात दिसतं. बांधाचं उत्पन्न असं मोजून दाखवता येत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी तर ते दिसतच नाही.

दुसरा कागद म्हणजे जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’. त्याची चर्चा होते ती भटशाही आणि नोकरशाहीवरच्या प्रहारांमुळे. शेवटच्या भागातल्या शेतीविषयक सूचना त्या मानाने कमी वाचल्या जातात. सरकारने आपल्या काळ्या-गोऱ्या लष्करातल्या आणि पोलीस खात्यातल्या फाजील शिपायांकडून जागोजाग ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, ते असे की पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीनाल्यांना मिळेल. जमिनीतले पाण्याचे झरे शोधून देणाऱ्या पाणाड्यांना बक्षीस द्यावं. नदीनाल्यांतला आणि तलावांतला साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा. जंगल खात्याने घेतलेली गायरानं गावांना परत करावीत. आज ज्याला माथा ते पायथा पाणलोट विकास म्हणतात, त्याचा गाभा यात आहे. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची आहे ती कामाची वाटणी. शेतकऱ्याने बांध घालावा असा उपदेश फुले करत नाहीत. मजुरी कोणाची, तर ज्यांचा पगार आधीच शेतसाऱ्यातून जातो त्या शिपायांची. गाळ कोणाला, तर शेतकऱ्याला, आणि फुकट. खडकवासल्याच्या धरणकामाशी कंत्राटदार म्हणून ज्याचा संबंध आला होता, मातीकामाचा दर ज्याला ठाऊक होता, त्याने केलेली ही मांडणी आहे. बांध ही खर्चाची बाब आहे आणि नाडलेला शेतकरी तो खर्च पेलू शकत नाही, हे त्याला नेमकं माहीत होतं.

यानंतर पस्तीसेक वर्षं पुढे जाऊन एका गावात थांबावं लागतं. पिंपळे सौदागर. आज तिथे उंच इमारती आणि संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांचे फ्लॅट आहेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी या गावाची घरोघर, शेतोशेत पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा ते पुण्याजवळचं कोरडवाहू शेतीचं खेडं होतं. मॅन यांनी जुने कागद धुंडाळून धारणक्षेत्राची सरासरी काढली. १७७१ साली ४० एकर, १८१८ साली साडेसतरा, १८२० ते १८४० च्या दरम्यान १४, आणि १९१४-१५ साली ७. त्याहून बोलका आकडा तुकड्यांचा. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांतले ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते.

या आकड्यांची चर्चा नेहमी ‘तुकडेबंदी’च्या अंगाने होते. मुंबई सरकारने १९२७ साली लहान धारणांविषयी विधेयक आणलं, विरोध झाला, ते बारगळलं. शेवटी १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. मला इथे एकच तुकडा जवळून पाहायचा आहे.

समजा शेत उताराचं आहे. वरच्या अंगाला मुरूम उघडा पडलेला, मध्ये बरड, खाली नाल्याकडे काळी, खोल, ओल धरणारी. दोघा भावांची वाटणी निघाली. वरचं एकाने घ्यावं आणि खालचं दुसऱ्याने, असा निवाडा कोणताही पंच देणार नाही. मग शेत वरपासून खालपर्यंत उभं चिरलं जातं. दोघांनाही थोडा मुरूम, थोडं बरड, थोडी काळी. न्यायाची वाटणी आहे ही. पुढच्या पिढीत पुन्हा तसंच. होता होता वावराची पट्टी होते, लांबट, अरुंद, उताराच्या दिशेने पसरलेली. आता कृषी खात्याचा पहिला आणि अगदी बरोबर असलेला सल्ला येतो की पेरणी उताराला आडवी करा. वीस-पंचवीस पावलं रुंदीच्या पट्टीत तिफण आडवी घातली तर प्रत्येक वीस-पंचवीस पावलांवर बैल वळवायचे. वळण्याची जागा शेजाऱ्याच्या वावरात. काळ्या रानात वाफसा असतो तो मोजक्या दिवसांचा, ओल उडायच्या आत पेरणी उरकायची. बैलजोडी स्वतःची नसेल, सावडीने आणलेली असेल, तर आज आपल्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. अशा वेळी शेतकरी तिफण लांबीच्या बाजूने, म्हणजे उताराच्या दिशेने धरतो. प्रत्येक तास पाण्याला वाट करून देतो हे त्याला दिसत असतं. पण पेरणी होणं त्याहून निकडीचं असतं. त्याला अडवणारी गोष्ट होती वाटणीची, बैलांची आणि वाफशाची, आणि ती व्याख्यानाने हलणारी नव्हती.

मॅन यांनी दुसरी पाहणी केली शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकची, एन. व्ही. कानिटकर यांच्यासह. ती १९२१ साली आली. हेच कानिटकर पुढे मुंबई इलाख्यातल्या कोरडवाहू संशोधनाचे आधारस्तंभ झाले. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला हे काम सुरू झालं. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल आला, आणि १९३३-३४ पासून सोलापूर आणि विजापूर इथे, त्यापाठोपाठ हगरी, रायचूर आणि रोहतक इथे कोरडवाहू केंद्रं उभी राहिली. कानिटकरांचं कोरडवाहू शेतीवरचं इंग्रजी पुस्तक १९४४ सालचं. या सगळ्या कामातून जी पद्धत निघाली तिला ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणतात. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, पेरणीआधी वारंवार कुळवणी, बियाणं कमी, दोन ओळींतलं अंतर जास्त, आणि पिकात कोळपण्या.

सोलापूरच्या केंद्राविषयी मला आदर आहे. पाऊस किती, त्यातला वाहून गेला किती, त्याबरोबर माती किती गेली, हे मोजणारे वाफे तिथे आखले गेले आणि धुपेची गोष्ट अंदाजातून मापात आली. पण पद्धत शेतात का पसरली नाही, याचं उत्तरही मापातच आहे. या उपायांनी उत्पन्न वाढलं ते सुमारे १५ ते २० टक्के, आणि मूळ उत्पन्न होतं हेक्टरी दोनशे ते चारशे किलो. दोनशे किलोंवर वीस टक्के म्हणजे चाळीस किलो ज्वारी. त्यासाठी खोल नांगरटीला लागणारे जादा बैल, गाड्यांनी शेणखत, बांधाची मजुरी. ज्या गावात शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात तिथे गाड्या भरून शेणखत आणायचं कुठून? सुधारणा खरी होती, पण पदरचा पैसा घालून जोखीम घ्यावी एवढी मोठी नव्हती. टक्केवारीत ती भरीव दिसते, पोत्यात मोजली तर जेमतेम अर्धं पोतं.

मग आला १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा. मृदसंधारणाच्या इतिहासात तो मानाने उल्लेखला जातो. त्याची यंत्रणा अशी: मंडळ योजना आखणार, मसुदा प्रसिद्ध होणार, हरकती मागवल्या जाणार, त्या ऐकून योजना मंजूर होणार. मंजुरीनंतर योजनेच्या क्षेत्रातल्या कोणाच्याही जमिनीत काम करता येणार. प्रत्येक मालकाची संमती लागेल अशी अट नाही. खर्चाचा मालकाच्या वाट्याला येणारा भाग त्याच्याकडून वसूल होणार, आणि काम झाल्यावर देखभाल, दुरुस्ती त्याच्या माथी.

या कायद्याची छाप शोधायला दप्तरखान्यात जायची गरज नाही. जुना सातबारा घरात असेल तर ‘इतर हक्क’ हा रकाना पाहा. सोसायटीचा बोजा, विहिरीची तगाई यांच्या जोडीने तिथे पुष्कळदा ‘बंडिंग बोजा’ किंवा ‘बंडिंग तगाई’ अशी नोंद सापडते, पुढे रुपये-आणे. हा सगळ्या कथेतला माझ्या मते सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज. जमिनीवर बांध घातला गेला आणि तो मालकाच्या नावावर कर्ज म्हणून चढला. ज्या बांधाची जागा त्याने ठरवली नाही, मजूर त्याने निवडले नाहीत, त्याची फेड त्याने करायची.

आणि जागेचा प्रश्न छोटा नव्हता. सरकारी बांध समपातळी रेषेवर घातला जाई. पाण्याच्या शास्त्राप्रमाणे ती जागा अगदी योग्य. पण समपातळी रेषेला सर्व्हे नंबर कळत नाही. ती एका वावराचा कोपरा तिरपा कापते, शेजारच्या पट्टीच्या मधून जाते, तिसऱ्याच्या सांडव्याशी संपते. कापलेल्या त्रिकोणात ना कुळव नीट फिरतो ना तिफण. तुंबलेलं पाणी एकाच्या पिकात उभं राहतं आणि फुटलं तर दुसऱ्याच्या. खोल काळ्या रानात तर आणखी अडचण. चिकण माती पाणी पटकन पिऊ शकत नाही, बांधाच्या वरच्या अंगाला ते साचून पीक पिवळं पडतं, उन्हाळ्यात तोच बांध भेगाळतो आणि पुढच्या मोठ्या पावसात भेगेतून फुटतो. एकदा फुटला की एका जागी एकवटलेलं पाणी घळ पाडतं. मग शेतकरी दरसाल नांगराचं एक-एक तास बांधाला लावत तो खाऊन टाकतो. अहवालात याची नोंद ‘देखभालीत हयगय’ अशी होते.

काळाचाही भाग होता. कायदा झाला त्याच सुमाराला, १९४२-४३ मध्ये, विजापूर भागात दुष्काळ पडला आणि बांधबंदिस्ती हे मोठ्या प्रमाणावर दुष्काळी काम झालं. १९७२-७३ मध्ये हेच महाराष्ट्रभर झालं. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. त्या कामांनी माणसं जगवली, ही गोष्ट कोणीही कमी लेखू नये. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्याच अनुभवातून पक्की होऊन पुढे कायद्यात बसली. पण बांधाच्या अंगाने पाहिलं तर दुष्काळी कामावर यश मोजलं जातं ते हजेरीपटावर. किती मजूर, किती घनमीटर माती. बांध तीन वर्षांनी उभा आहे का, हा रकाना त्या कागदात नसतोच. ज्याच्या वावरात बांध पडला तो स्वतः त्या दिवशी तिथे मजूर म्हणून असे, मजुरीसाठी असे, आणि हरकत घ्यायच्या मनःस्थितीत नसे.

१९७५ पासून मात्र एक वेगळा कागद तयार होऊ लागला. हैदराबादजवळच्या पाटणचेरूतली इक्रिसॅट ही संशोधन संस्था काही गावांत आपली माणसं कायम ठेवून कुटुंबवार नोंदी घेऊ लागली. त्यांत सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कलमण, अकोला जिल्ह्यातली कंझारा आणि किनखेडा ही महाराष्ट्रातली गावं होती. अहवालाऐवजी इथे रोजच्या व्यवहारांची नोंद होती. कोणी काय पेरलं, किती बैल भाड्याने आणले, कर्ज किती. याच संस्थेत काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत विकसित झाली, तिच्यासाठी बैलांनी ओढायचं चाकांचं बहुउद्देशी अवजारही. १९८८ साली अशा अवजारांचा जगभरचा आढावा निघाला आणि निष्कर्ष असा आला की तज्ज्ञांनी वाखाणलेलं हे अवजार शेतकऱ्यांनी घेतलंच नाही. महाग, जड, आणि लहानमोठ्या सगळ्या कामांना चालणाऱ्या देशी नांगर-कुळवापेक्षा नखऱ्याचं. पुढे सोयाबीन आलं, ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागले, आणि त्याच रुंद वरंबा-सरीचं बीबीएफ पेरणीयंत्र आज मराठवाडा-विदर्भात चालताना दिसतं. वरंबा तोच आहे. बदललं ते पिकाचं मोल आणि अवजार मिळण्याची सोय.

जॉन केर आणि एन. के. सांघी यांनी १९९२ मध्ये देशी मृदसंधारणावर जे लिहिलं, ते मला या सगळ्या कागदांत शेतकऱ्याच्या सर्वांत जवळचं वाटतं. दोघांनी प्रश्न उलटा केला. सरकारी बांध शेतकरी का ठेवत नाही हे विचारण्याआधी, तो स्वतः कोणते बांध घालतो आणि टिकवतो, ते पाहिलं. दिसलं ते असं. तो बांध हद्दीवर घालतो, म्हणजे वावर कापलं जात नाही आणि भांडण होत नाही. एकदम घालत नाही, वर्षाकाठी थोडा थोडा, वेचलेल्या दगडांनी आणि ओढलेल्या मातीने वाढवतो, म्हणजे कर्ज लागत नाही. जिथे पाणी माती घेऊन येतं त्या ओघळीत आधी घालतो, म्हणजे मेहनतीला लगेच फळ येतं. शेजाऱ्याची माती वाहून आपल्या वावरात बसत असेल तर ती धूप त्याच्या लेखी तोटा नसून मिळकत असते. आणि सरकारी योजनेला तो हो म्हणतो तेव्हा पुष्कळदा अनुदानाला आणि मजुरीला हो म्हणत असतो. शास्त्राच्या कसोटीवर हद्दीचा बांध दुय्यम ठरतो. पण तो दहा वर्षांनंतर जागेवर असतो.

आता उरतो तो तिसरा प्रश्न, अडलेल्या पाण्याचा. १९७२ च्या दुष्काळाने हादरून पुरंदर तालुक्यात उतरलेले अभियंते विलासराव साळुंखे यांनी नायगावला देवस्थानची चाळीसेक एकर उताराची, पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतली. बांध घातले, पायथ्याला पाणी अडवलं, त्याखाली विहीर घेतली, पाणी वर उचललं. तंत्र म्हणून यात अपूर्व काही नव्हतं. अपूर्व होते ते १९७४ नंतर त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने ठरवलेले नियम. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर नाही, घरातल्या माणसांवर. दरडोई अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. ऊस घ्यायचा नाही. योजनेच्या खर्चाचा वीस टक्के भाग लाभार्थ्यांनी आधी उभा करायचा. १९४२ च्या कायद्यात खर्च मालकावर चढत होता आणि निर्णय मंडळाकडे होता. इथे खर्चाचा वाटा आणि निर्णय एकाच हातात आले, आणि वरच्या उतारावरच्या माणसाला खाली साठणाऱ्या पाण्यात पहिल्यांदा हिस्सा मिळाला. वरच्याने बांध राखावा, चराई आवरावी, असं त्याला सांगण्याचा अधिकार खालच्याला अशाच व्यवहारातून येतो.

बहुतेक पाणलोट योजनांत हा व्यवहार झाला नाही. केर यांनी गणेश पांगारे आणि वसुधा पांगारे यांच्यासह महाराष्ट्र आणि आंध्रातल्या ८६ गावांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत स्वयंसेवी संस्था होत्या आणि लोकांशी आधी बोलणं झालं होतं, तिथली कामं निव्वळ सरकारी योजनांपेक्षा बरी निघाली, ही त्यातली आनंदाची बाजू. दुसरी बाजूही त्यांनी लिहून ठेवली आहे. पाणी मुरलं ते पायथ्याच्या विहिरींत, आणि विहिरी होत्या ज्यांची खाली जमीन होती त्यांच्या. माथ्यावरचं गायरान चराईला बंद झालं, ते ज्यांची शेळ्या-मेंढरं तिथे चरत होती त्यांच्यासाठी. ही माणसं तगाईच्या अर्जात नाहीत, १९४२ च्या हरकतींत नाहीत, सातबाऱ्याच्या कोणत्याच रकान्यात नाहीत, कारण त्यांच्या नावावर जमीनच नव्हती. त्यांच्या पदरात पडली ती बांध घालण्याच्या दिवसांतली मजुरी, आणि काम संपलं तेव्हा तीही थांबली.